चार मिनिटं गप्प

वडगावातल्या एका विणकरानं रेकॉर्डिंगचा स्टुडिओ काढला होता; तिथं पूर्वी त्याचा साडीचा माग होता. आम्ही गुंजी गावच्या बायका तिथं भजन रेकॉर्ड करायला एकदाच गेलो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. एकेकीला माईकपुढं बसवून त्यानं आवाज वेगवेगळे घेतले. जुळवणी पुण्यात व्हायची होती, म्हणून कॉम्प्युटरवर प्रत्येकीची स्वतंत्र फाईल काढत होता. विणकराच्या सवयीनं स्क्रीनवरच्या आवाजाच्या रेघेवरून बोट फिरवायचा, मगच पुढं जायचा.

माझी झांज फक्त शेवटच्या कडव्याला. मी म्हणाले, "तेवढीच काढा की. आधी चार मिनिटं मी गप्पच हाय."

"न्हाय आक्का. समद्यांचा धागा एका जाग्यावरनं सुरू व्हायला पायजे. न्हाय तर तुमी कवा यायचं, त्ये पुण्यात कसं कळंल?"

मग हेडफोन लावून, डोळे मिटून, माझी ती चार मिनिटं त्यानं पुरती ऐकली. झांज वाजली तेव्हाच डोळे उघडले.

"माईकम्होरं बसून बांगडीसुदीक वाजू दिली न्हाय. थांबायचं लई कळतंय तुमाला, आक्का."

येताना झांज मी पिशवीत आणली होती. परतताना गाडीत ती मांडीवर घेऊन बसले, सगळ्यांना दिसेल अशी.