विसावी जोडी

जालन्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा सकाळचे साडेसात वाजले होते, आणि माझ्या पिशवीत दोन शर्ट, एक टॉवेल आणि चाळीस माणसांचे स्वभाव होते. स्वभाव अजून कोरे होते, ते भरून आणायचे होते.

तेव्हा, म्हणजे नव्वदच्या दशकात, मी पुण्याच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होतो आणि शिकवता शिकवता पीएच.डी. करत होतो. एकाच आईबापाच्या पोटी जन्मलेल्या, एकाच घरात वाढलेल्या दोन भावांचे स्वभाव इतके वेगळे का, हा माझा विषय. माणूस राग, भीती, माया जन्मतःच घेऊन येतो की वाढता वाढता शिकतो? त्यासाठी मी अठ्ठेचाळीस प्रश्नांची प्रश्नावली केली होती. उत्तर फक्त ‘होय’ किंवा ‘नाही’. सख्ख्या भावांच्या वीस जोड्या हव्या होत्या. निघताना माझ्या मार्गदर्शक सरांनी एकच गोष्ट दोनदा बजावली, “भावांनी एकमेकांची उत्तरं ऐकता कामा नयेत. ऐकली की जोडी रद्द.”

जालनाच का, तर तिथे माझी आत्या राहत होती. शास्त्राला याहून मोठं कारण लागत नाही.

आत्याच्या घरी चहा पिताना मी आतोबांना विचारलं, भावांच्या जोड्या सापडतील कुठे? त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता सांगितलं, “अंबडला जा. कोर्टात.”

मला वाटलं, थट्टा करतात. पण अंबडच्या कोर्टाच्या आवारात पाय ठेवला आणि पटलं. कडुनिंबाखाली भाऊच भाऊ होते. जोडीतला एक या झाडाखाली, दुसरा त्या. एकमेकांची उत्तरं ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मधे दोन्हीकडचे वकील बसलेले. दोन दिवसांत तिथे अकरा जोड्या मिळाल्या. अडचण एवढीच की माझा कागद कोर्टाचाच आहे असा सगळ्यांचा समज झाला. पांढऱ्या फेट्याच्या एका गृहस्थांना मी पहिलाच प्रश्न वाचून दाखवला, “तुम्हाला लवकर राग येतो का?” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि हळूच म्हणाले, “वकीलसाहेबाला इचारून सांगतो.”

तिथून उत्तरेकडे निघालो. भोकरदनपर्यंत एस.टी. आणि पुढे जाफराबादपर्यंत जीप. दोन्ही बाजूंना वेचून झालेल्या कपाशीची काळी रानं, काड्यांना चुकार कापूस चिकटलेला, मधेच मिरचीचा लाल पट्टा. जीपमधली माणसं मी मोजली, एकोणीस. ड्रायव्हरला स्वतःच्याच गाडीत जागा नव्हती, तो अर्धा बाहेर बसून चालवत होता. मागे लोंबकळणारा त्याचा धाकटा भाऊ आहे हे कळल्यावर मी संधी सोडली नाही. इंजिनाच्या आवाजात भावाला काही ऐकू जाणं अशक्यच होतं. मी ड्रायव्हरच्या कानाशी ओरडून विचारलं, “गर्दीत तुमचा जीव घाबरा होतो का?”

त्याने मान पूर्ण मागे वळवून गाडीभर पाहिलं. रस्त्याकडे कोणीच पाहत नव्हतं. “गर्दी कुठंय? आज तर बाजार बी न्हाई.”

मी ‘नाही’वर खूण केली. माझा स्वतःचा जीव घाबरा झाला होता, पण मी नमुन्यात धरलेला नव्हतो.

जाफराबादेत चार दिवस काढून एकोणीस जोड्या झाल्या. सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं आणि विसावी जोडी काही केल्या मिळेना. एक भाऊ असायचा तर दुसरा ऊसतोडीला गेलेला. चहाच्या टपरीवर कपाळाला हात लावून बसलो होतो, तेव्हा शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, “प्रश्न इचारू राह्यले ते तुमीच ना?” हे साळवे गुरुजी. धावड्याच्या शाळेत शिक्षक, शाळेच्या कामाने इकडे आलेले. माझी अडचण त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

“आमच्या गावात एक जोडी हाय,” ते म्हणाले. “किसनराव अन् बळीराम. भिंतीला भिंत लागून राहतात. पन एकमेकाशी बोलत न्हाईत. अकरा वर्षं झाले.”

“अजिबात नाही?”

“बिलकुल न्हाई.”

दुसऱ्याच्या भांडणाचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. जे भाऊ बोलतच नाहीत ते उत्तरं काय सांगणार एकमेकांना! मी गुरुजींच्या चहाचे पैसे देऊ लागलो, पण ते त्यांनी आधीच दिले होते, माझ्याही चहाचे.

संध्याकाळी त्यांच्याबरोबर धावड्याला पोचलो. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ, तिच्या अलीकडे ज्वारीची उभी रानं. गावात शिरताना कोणी गुरुजींना “जय भीम” म्हणत होतं, कोणी “राम राम”, आणि सगळ्यांना माझ्याबद्दल एकच शंका होती, हा माणूस सर्व्हेचा की पोलिओचा? गुरुजींच्या घरी जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ घालून केलेली आमटी) होतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. गुरुजींच्या पत्नीने विचारलं, “तिखट झालं का हो?” मी म्हणालो, “नाही, नाही.” प्रश्नावलीत खोटं ओळखण्यासाठी मी मुद्दाम तीन प्रश्न घातले होते. त्या दिवशी मीच पकडला गेलो असतो.

सकाळी आम्ही भावांकडे गेलो. पत्र्याचं एक लांब घर, मधे भिंत घालून दोन केलेलं. पुढचं अंगण मात्र एकच, आणि अंगणाच्या बरोबर मधोमध म्हैस बांधलेली. थोरले किसनराव साठीचे, उंच, कमी बोलणारे. धाकटा बळीराम गोल, लालबुंद, सदा काहीतरी पुटपुटणारा. बळीराम हे खरं तर थोरल्याचं नाव, कृष्ण धाकटा. पण यांच्या वडिलांनी नावं ठेवतानाच उलटापालट केली होती.

आम्ही पोचलो तेव्हा किसनराव म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तिला सांगत होते, “आज मोटरीची पाळी आमची हाय म्हनावं. कालच्यावानी इसरू नगं म्हनावं.”

पलीकडच्या दारातून बळीरामने तिलाच उत्तर दिलं, “इसरलं कोन, बराबर ठाऊक हाय म्हनावं.”

मी गुरुजींकडे पाहिलं. “अकरा वर्षांत ही तिसरी म्हैस,” ते म्हणाले.

किसनरावांच्या पत्नी गंगाबाई दोन्ही घरांत ये-जा करत होत्या. इकडची भाजी वाटीत घालून तिकडे, तिकडची चटणी इकडे. बळीरामची बायको माहेरी गेली होती, म्हणून त्या दिवशी भाकरीही इकडूनच गेली. मला सगळ्यांनी चहा दिला, दोन्ही घरांनी वेगवेगळा. पहिला अर्धा टाकून दुसरा पिता येईना, म्हणून दोन्ही पूर्ण प्यायलो.

बळीराम सातवी शिकलेला. त्याला मी त्याच्या घरात बसवलं, त्याने पेन चावत चावत वीस मिनिटांत कागद भरून दिला. किसनरावांचं वेगळं. त्यांचा चष्मा फुटलेला, त्यामुळे प्रश्न मलाच मोठ्याने वाचावे लागणार होते. त्यांना मी त्यांच्या ओट्यावर घेऊन बसलो. गुरुजी शेजारी पेरू कापत बसले. बळीराम आपलं काम संपवून म्हशीला वैरण टाकायला अंगणात आला, आणि तिथेच थांबला. त्याला हटकावं हे मला सुचायला हवं होतं. पण त्या दोघांचं बोलणंच नाही म्हटल्यावर ऐकणंही नसेल, असं मी कसं काय धरून चाललो कोण जाणे.

“तुम्हाला लवकर राग येतो का?”

“न्हाई,” किसनराव म्हणाले.

अंगणातून आवाज आला, “ऐकलं का गं बाई? न्हाई म्हनं!” म्हशीने कान हलवला.

“तुम्ही दुसऱ्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेता का?”

“व्हय.”

“व्हय म्हनं! लिहा, लिहा. कागद काय बोलतो?”

मी नम्रपणे म्हणालो, “बळीरामभाऊ, तुम्ही जरा आत…” तो म्हणाला, “म्या कुठं काय बोललो? म्या जनावराशी बोलू राह्यलो.” नियमात जनावरांबद्दल काहीच नव्हतं. मी पुढे वाचत राहिलो. तीस प्रश्न असेच झाले.

एकतिसावा प्रश्न होता, “पूर्वी केलेल्या एखाद्या गोष्टीचा तुम्हाला वारंवार पश्चात्ताप होतो का?”

किसनरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, परत डोक्यावर घातलं. मी प्रश्न पुन्हा वाचला. गुरुजींची सुरी थांबली. मग किसनराव इतकं हळू “व्हय” म्हणाले की मला ते पुटपुटणं वाटलं.

अंगणात वैरण पडल्याचा आवाज झाला. “कशाचा म्हनावं?” बळीराम म्हशीला म्हणाला. म्हैस खात होती. “गुरुजी, त्यायला इचारा की, कशाचा?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केला आणि म्हणालो, “यात ‘कशाचा’ असं विचारायची सोय नाही. फक्त होय किंवा नाही.” इतकं मूर्ख वाक्य मी वर्गातसुद्धा बोललो नव्हतो.

बळीराम दोन पावलं ओट्याकडे आला. लाल चेहरा आणखी लाल झालेला.

“दादा,” तो म्हणाला. “कशाचा?”

आतल्या घरात भांडं पडलं. गंगाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

सरांचा नियम मला पाठ होता. मी उठून बळीरामला आत न्यायला हवं होतं, अजून कदाचित जोडी वाचली असती. मी पेनाला टोपण लावलं.

“हौशाचा,” किसनराव म्हणाले.

हौशा हा बळीरामचा बैल. बळीरामने वासरापासून वाढवलेला. एका हिवाळ्यात तो पायाने अधू झाला, नांगराला चालेना. बळीराम चार दिवस सासरवाडीला गेला असताना किसनरावांनी तो बाजारात नेऊन विकला. समोर असता तर हा रडला असता आणि बैल जाऊ दिला नसता, म्हणून. बळीराम परत आला, रिकामा खुंटा पाहिला, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद.

“दुसऱ्याच दिवशी गेल्तो म्या परत आनाया,” किसनराव सांगू लागले. ते ओट्याच्या कडेकडे पाहत होते. “घेनाऱ्यानं पुढं इकून टाकला. मंग जाफराबादच्या बाजारात गेल्तो, सिल्लोडला गेल्तो. तीन बाजार फिरलो. घावला न्हाई.”

“मंग सांगितलं काहून (का) न्हाई?”

“तू बोलत न्हवता.”

“तुमी बोलत न्हवते म्हनून म्या बोललो न्हाई!”

“पयले तू बंद झाला!”

“पयले तुमी! म्या खुंट्यापाशी हुबा होतो, तुमी पाठ फिरवून आत गेल्ते!”

“तोंड काय दाखवू मंग?” किसनराव ओरडले. लवकर राग न येणाऱ्या माणसाचा तो आवाज शाळेपर्यंत गेला असावा.

यानंतर कोणी गळ्यात पडलं नाही. दोघं भांडू लागले. अकरा वर्षांचं साठलेलं होतं. मोटरीची पाळी, बांधावरची बाभूळ, कोणाच्या लग्नात कोण कोणाच्या पंगतीला बसलं नाही, सगळं निघालं. शेजारीपाजारी जमले. म्हातारी माणसं बसायला पोतं घेऊन आली. मी काळजीने गुरुजींना विचारलं, “कोणाला बोलवायचं का?” त्यांनी मला पेरूची फोड दिली.

अर्ध्या तासाने जरा उसंत मिळाली तशी मी चाचरत म्हणालो, “प्रश्न बत्तिसावा…”

“थांबा हो!” दोघंही एकदम माझ्यावर ओरडले.

गंगाबाईंनी मग दोन ताटं आणली आणि दोन्ही एकाच ओट्यावर आदळली. “अकरा वर्षं वाट्या पोचवू राह्यले म्या,” त्या म्हणाल्या. “पाय गेले माझे. इथं बसा अन् गिळा.” दोघं बसले. जेवताना किसनरावांनी काही न बोलता आपल्या ताटातला कांदा बळीरामच्या ताटात टाकला, आणि बळीरामने तो खाल्ला. मग कांदा चांगला नाही म्हणून तक्रार केली.

मी कागद गोळा करत होतो तेव्हा बळीराम हात धुऊन जवळ आला. इकडेतिकडे पाहून म्हणाला, “सर, माझं एक उत्तर बदलून द्या. नऊ नंबरचं.”

मी त्याचा कागद काढला. नववा प्रश्न होता, “घरात माणसं असूनही तुम्हाला एकटं वाटतं का?” ‘होय’वर इतकी जोरात खूण होती की कागद फाटायला आला होता. भरलेली प्रश्नावली बदलता येत नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. पेन दिलं. त्याने खूण खोडली, ‘नाही’वर नवी केली, जरा विचार केला आणि म्हणाला, “आजच्या पुरतं तरी.”

दुपारी दोघेही मला स्टँडवर सोडायला आले. किसनरावांचं म्हणणं, भोकरदनची एस.टी. धरा. बळीरामचं म्हणणं, एस.टी. उशीर करते, जीपने जल्दी पोचाल. हा वाद इतका रंगला की एस.टी. आमच्यासमोर आली, थांबली आणि गेली. मग जीपही गेली. दोघांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत केलं: चूक माझी होती, मी हात दाखवायला पाहिजे होता. मी शेवटी मिरचीच्या पोत्यांवर बसून, एका टेम्पोत, शिंकत भोकरदन गाठलं.

पुण्याला येईपर्यंत खूप विचार केला. स्वभाव जन्माचा की शिकलेला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. एवढंच दिसलं की ते दोघं अबोला जन्मतः घेऊन आले नव्हते. एकाला लाज वाटली, दुसऱ्याला राग आला, आणि मग रोज थोडं थोडं करत दोघंही गप्प राहायला शिकले, इतके चांगले शिकले की त्यांच्याबरोबर तीन म्हशीही शिकल्या. माझ्या अठ्ठेचाळीस प्रश्नांत ‘कशाचा’ हा शब्द नव्हता. तो बळीरामकडे होता, फक्त तो विचारायला त्याला अकरा वर्षं लागली.

सोमवारी सरांनी गठ्ठा तपासला. एकोणीस जोड्या त्यांनी बाजूला ठेवल्या. विसावी पाहिली, खाडाखोड पाहिली, एकतीसच्या पुढची कोरी पानं पाहिली, आणि जोडी रद्द केल्याचा तक्ता माझ्यापुढे सरकवला. त्यात एक रकाना होता, ‘रद्द करण्याचे कारण’. नियमाप्रमाणे तिथे लांबलचक काहीतरी लिहायचं असतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि दोनच शब्द लिहिले:

भाऊ बोलले.