नातीच्या सरावाचा म्हातारा

जर्मनीला जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणार, असं नातीनं जाहीर केलं तेव्हा मी विचारलं, "का गं, तिकडं घरची माणसं नाय व्हय?"

"आबा, तिकडं म्हातारी लई आणि तरणी कमी."

"मग विमान कशाला? आपल्याच आळीत बस की!"

खोटं काय बोललो? अवसरीत आमच्या आळीला दारोदार आम्ही म्हातारेच बसलेलो. पोरं चाकणला, पुण्याला, दुबईला. टोमॅटो तोडायला येतात ती माणसं बिहारची. माझ्या घरात तर मी आणि ही नात, दोघंच.

म्हाताऱ्यांची सेवा शिकवणाऱ्या तिच्या मंचरच्या क्लासची परीक्षा तोंडावर आली, सरावाला म्हातारा हवा होता. फुकटातला मी सापडलो. मीही काही साधा म्हातारा झालो नाही. गोळी गालात धरून ठेवायची, उठवायला आली की अंग सैल सोडायचं, उगाच कण्हायचं. नापास झाली तर इथंच राहील, हा माझा डाव. पोरगी घामाघूम व्हायची, पण आवाज चढवायची नाही.

एका रविवारी तिनं मासवडी केली. दोन वड्या, वर झणझणीत रस्सा. खाऊन झाल्यावर विचारलं, "आणखी देऊ?"

रीतीप्रमाणे मी ताटावर हात आडवा धरला. "नको, नको."

तर बया ताट उचलून मोरीकडं निघाली!

"अगं ए भवाने, कुठं चाललीस?"

"तुम्ही नको म्हणालात ना? तिकडं एकदा नको म्हटलं की थांबायचं. आग्रह केला की मार्क कापतात."

"काय माणसं हायेत! अगं, पहिलं नको रीतीचं, दुसरं लाजेचं. तिसऱ्यांदा विचारल्यावर माणूस खरं बोलतो."

ती खूप हसली. मासवडी काही परत आली नाही. आणि असला नाठाळ म्हातारा सांभाळलेली पोरगी पहिल्या झटक्यात पास झाली.

जायच्या दिवशी जीप दारात उभी होती. ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "आबा, राहू का मी?"

"नको."

माझ्या तोंडाकडं बघत, क्लासचा नियम मोडून तिनं पुन्हा विचारलं, "खरंच सांगा, राहू का?"

"नको म्हटलं ना!"

तिनं परत तोंड उघडलं तसा मी लई भ्यालो. म्हशीला पाणी दाखवायचंय म्हणत गोठ्यात पळालो, आणि जीप वेशीबाहेर जाईस्तोवर बाहेर आलोच नाही.