पात कापलेले कांदे

आई दवाखान्यात असताना मी तिच्या कांद्याच्या वाफ्यावर काँक्रीट ओतलं. भाडेकरूंना गाड्या लावायला जागा हवी होती, हे खरंच. पण कांदे निघेपर्यंत थांबता आलं असतं. थांबलो नाही, कारण मनातून मी धरूनच चाललो होतो, की आई आता काही घरी येत नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

ती आली.

चांद्याच्या शिवारातलं शेत विकल्यावर भाड्याच्या खोल्यांमागे उरलेली ती पट्टी तिची होती. पौषात रोप लावायची, स्वतः खुरपायची. पात मानेपाशी आपसूक लवायला लागली, म्हणजे माना पडल्या, की कांदा तयार. मग पाणी तोडायची. आमच्या घरात पात कापत नसत. पातीसकट उपटायचे, सावलीत सुकवायचे आणि वेण्या घालून पडवीत टांगायचे.

मी तिची खाट पुढच्या खोलीत टाकली. म्हटलं, इथं वारा येतो. रोज सकाळी विचारायची, “माना पडल्या का रं?”

“पडत्यात हळूहळू.”

“पाणी न्हाई ना देत?”

“न्हाई, आई.”

तेवढं मात्र खोटं नव्हतं.

वैशाखात ती ऐकेना. “खुर्चीवर बसवून ने मला मागं. एकदा बघू दे.” मग मी बाजारात गेलो. पातीसकट वाळवलेले कांदे कुठेच मिळेनात. सगळे माना कापलेले. तेच पाटीभर आणून तिच्यापुढे ठेवले. “काढलं सगळं. आता बघायला काय उरलं न्हाई तितं.”

तिनं एक कांदा उचलला. कापलेल्या मानेवरून अंगठा फिरवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

“चांगलं पोसल्यात,” म्हणाली.

संध्याकाळी मावशी रिहे गावाहून आईला बघायला आली. पाटीत हात घालून म्हणाली, “हे बाजारचं दिसत्यात गं आक्का. पात कुटं गेली? शेळीला घातली व्हय?”

मी चहा घेऊन दारातच थांबलो.

“आमच्याच वाफ्यातलं हायेत,” आई म्हणाली. “पोरानं काढल्यात. त्याला कुटं येतीया वेणी घालाया?”

“एवढा घोडा झाला, अन् वेणी येत न्हाई!” मावशी हसली. मीही हसलो. आईनं मला मावशीच्या पिशवीत कांदे भरायला लावले. “ने, घरचं हायेत.”

त्यानंतर तिनं मागे न्यायला कधी सांगितलं नाही. माना पडल्या का, पाऊस कधी, भाडेकरू कोण आले, काहीच विचारेना. मी खाटेपाशी बसलो, की बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मग म्हणायची, “काय म्हंतुयास?”

“काय न्हाई.”

आषाढात ती गेली. तोवर हे रोज चाललं. ती विचारायची, आणि मी म्हणायचो, काय न्हाई.