तो खुर्चीवर आहे तोवर

अकोट्यातल्या शेअरदलालाच्या ऑफिसात तो खिडकीशी बसतो. करजणच्या एका छोट्या कंपनीच्या शेअरला दिवसभर खरेदीचा आणि विक्रीचा, दोन्ही भाव लावत राहणं हे त्याचं काम. मान वर न करता तो सगळ्यांना अर्ध्या गुजरातीत एकच सांगतो, "चिंता नको काका, हूं बेठो छूं ने!" तो बसलाय ना, या भरवशावर मी माझी सगळी ग्रॅच्युइटी त्या शेअरात घातली.

एकदा तो आपले भाव काढून घेऊन चहाला खाली गेला. मी स्क्रीनवर पाहिलं, तर खरेदीचा रकाना कोरा. इतके दिवस मला गिऱ्हाइकांची गर्दी वाटत होती, ती हा एकटाच होता.

तेव्हापासून त्याचा चहा मीच वर आणून देतो. काल खोकल्याची उबळ आली म्हणून त्यानं नुसती खुर्ची मागे सरकवली, आणि मी आधी स्क्रीनवरचा खरेदीचा रकाना पाहिला.