चनबसप्पांचा कान

चनबसप्पा बहिरे झाले, ही बातमी मिलचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत आमच्या पेठेत सगळीकडे पोचली. कुणी म्हणालं कानात किडा शिरला, कुणी म्हणालं बायकोच्या बोलण्यानं पडदा फाटला. पलीकडच्या घरातल्या गौरम्माकाकूंनी तर देवाचा कोपच ठरवून टाकला. मी चनबसप्पांचा भिंतीला भिंत शेजारी, आणि बातमीला फोडणी देणं हा माझा जुना धंदा. पण खरं काय तेही सांगितलं पाहिजे. माणूस बहिरा झाला नव्हता. कुणी तंटा घेऊन पायरी चढताना दिसलं की तो दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायचा. गिऱ्हाईक आलं की बोळे बाहेर.

गिऱ्हाइकासाठी तो कान लागायचाच. चनबसप्पांचं काशाच्या भांड्यांचं दुकान. ताट बोटांवर तोलायचं, पेरानं टक् करायचं, आणि डोळ्याला न दिसणारी चीर आवाजावरून सांगायची. या कानाची पेठेत एवढी पत, की तंट्यातली माणसंही लोक त्यांच्याकडे वाजवून घ्यायला आणत. घरी कानडी, दुकानात मराठी. दोन्ही भाषांतलं खोटं आपल्याला ऐकू येतं, असं ते स्वतःही धरून चालले होते.

मार्शल लॉच्या आदल्या साली, म्हणजे एकोणीसशे एकोणतीसला, गौरम्माकाकूंची चांदीची डबी गेली. इष्टलिंग ठेवून लिंगायत लोक गळ्यात घालतात तसली, सासूच्या मागे राहिलेली. घरात परकं कोण येतं? तर सोजरबाई. वळसंगची विधवा, घरोघर ज्वारी निवडून, पाखडून पोट भरायची. असल्या बाईला काम मिळतं ते नावावर. एका घरानं दार लावलं की दुसरं उघडत नाही.

तिला दुकानाच्या ओट्यापुढं उभी केली. पंधरा-वीस माणसं जमली. मीही होतोच, मी कुठे नसतो? चनबसप्पांनी मराठीतच विचारलं, "सोजरबाई, तुला कशापायी बलिवलंय, ध्यानात आलं का?"

बाईनं मान खाली घातली. म्हणाली, "कळ्ळं."

आता तिच्या बोलीत कळ्ळं म्हणजे कळलं. आणि कानडीत कळ्ळ म्हणजे चोर. चिरलेलं ताट हातात आल्यावर व्हायचा तसा चनबसप्पांचा चेहरा झाला. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "घ्या, तोंडानंच बोलली की!" हशा पिकला. त्यानंतर बाई काय सांगत होती, ते कुणाला ऐकायचंच नव्हतं. चनबसप्पा एवढंच म्हणाले, "जा बाई. पुन्यांदा हिकडं येऊ नगं."

आठ दिवसांत पेठेतल्या एकाही घरात तिला सूप मिळेना. गाठोडं बांधून ती वळसंगला गेली.

पुढे महिन्याभरानं एक शेतकरी तांब्या घ्यायला आला. चनबसप्पा त्याला सांगत होते, चिंचेनं घास, राखेनं नको. तो म्हणाला, "कळ्ळं, कळ्ळं." चनबसप्पांनी तांब्या पुढं केला, आणि हात तसाच राहिला. शेतकऱ्याला वाटलं, भाव वाढवतात.

संध्याकाळी त्यांनी चार जणांना बोलावून सांगितलं, "माझं चुकलं. रोज धा गिऱ्हाइकं कळ्ळं म्हणत्यात, मला कधी कानडी ऐकू येत न्हाय. तिचंच का आलं? आन् कानडीतबी बाई सोताला कळ्ळी म्हणंल, कळ्ळ कशी म्हणंल? ह्ये मला, कानड्याला, सुचू नये?" मग म्हणाले, "तिनं एकदा चार गिऱ्हाइकांसमोर माझं ताट वाजवून सांगितलं हुतं, अण्णा, ह्ये चिरकं हाय. चिरकंच हुतं. त्ये मनात हुतं माझ्या. मला ती चोर पायजे हुती."

पेठेनं काय केलं? गौरम्माकाकू म्हणाल्या, "डबी मिळाली का? मग?" शिवयोगी सराफ म्हणाला, बाईनं त्यांना काहीतरी भारलेलं खायला घातलंय. बाईला चोर ठरवताना ज्या कानावर सगळ्यांचा भरवसा, तोच कान तिला सोडवायला निघाला तर म्हातारा झालेला.

चनबसप्पा गाडी करून वळसंगला गेले. सोजरबाई दुसऱ्याच्या रानात खुरपत होती. बांधावरूनच म्हणाले, "बाई, माझा कान चुकला."

"कान न्हाय चुकला, अण्णा. तुमी चुकला." खुरपं थांबलं नाही. "माज्या आदी माजं नाव हितं येऊन बसलंय. पोरीची सोयरीक मोडली. आता जावा."

पुढच्या दिवाळीच्या झाडलोटीत डबी सापडली. गौरम्माकाकूंच्याच जुन्या लुगड्याच्या घडीत. काकू म्हणाल्या, "बाईनंच परत आणून ठिवली असंल." आणि निम्म्या पेठेला ते पटलं. त्याच दिवसापासून चनबसप्पांच्या कानात कापूस.

बहिरेपणाची बातमी फिरल्यावर मी मुद्दाम ओट्यावर जाऊन बसलो. कापसाकडे बोट दाखवून म्हटलं, "काय अण्णा, गादी भरायला काढली काय? उपसा तो कापूस. डबी सापडली, बाई सुटली, झालं. अन् खरं सांगू? मला तर तवाच शंका आली हुती."

त्यांनी एक बोळा काढला. काशाची वाटी पुसत होते ती खाली ठेवली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"डबी सापडली नसती, तर बाई चोरच राहिली असती की तुमच्या लेखी. आन् हिंदुराव, 'तोंडानंच बोलली की' म्हणून कोन वरडलं, ते मी तवाच वळकलं हुतं. मी कानडी माणूस, मी कानडी ऐकलं. तुमच्या घरात तर मराठीच बोलत्यात. तुमाला नीट ऐकू आलं हुतं."