नाकवाले कॅमेरे

नेर आगारात ममता राठोड नावाच्या दोन वाहक आहेत. चौकशीच्या खिडकीवर कोणी नाव घेतलं की आतला माणूस विचारतो, "कोणती? कॅमेरेवाली का दुसरी?"

कॅमेरेवालीचा तांडा नेरपासून थोडा आत, तुरीच्या शेतांच्या पलीकडे. नवरा सुनील शेती बघतो, ही एसटीत तिकिटं फाडते. म्हणजे आता मशीनमधून काढते. घरात तिच्याकडे एक काचेचं कपाट आहे. लोक त्यात कपबशा मांडतात, हिनं कॅमेरे मांडलेत. सगळे जुने, रोल घालायचे, मुठीत मावणारे. आणि सगळे झूमवाले. बटन दाबलं की ज्याचं भिंग नाकासारखं बाहेर येतं, तोच कॅमेरा तिच्या कपाटात जातो. बिननाकाचा कोणी फुकट दिला तरी ती घेत नाही.

हे वेड तिच्या लग्नात लागलं. सुनीलचा मावसभाऊ खेमसिंग तेव्हा यवतमाळला जीप चालवायचा. त्यानं कोणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता. नवरी घुंगट घेऊन बसलेली, तो समोर उभा राहिला आणि त्या डब्यातून 'ज्झूं' करून नाक बाहेर आलं. ममताला हसू फुटलं. "नवरी हसते का अशी!" म्हणून सासू सुखीबाई करवादली, पण तोवर फोटो निघून गेला होता. लग्नाच्या अल्बममध्ये बाकी सगळ्या फोटोंत ममता मान खाली घालून बसली आहे. त्या एकात तेवढी खरी ममता आहे.

पुढं नोकरी लागली, पोरं झाली, फोटो मोबाइलवर आले. एकदा यवतमाळच्या स्टँडबाहेर भंगाराच्या गाडीवर तिला तसाच एक कॅमेरा दिसला. सेलच्या जागी हिरवट बुरशी, अंगावरचं रबर उन्हानं चिकट झालेलं. तिनं तो घरी आणला, लिंबाच्या रसानं पत्र्या घासल्या, रबर स्पिरिटनं पुसलं. तो जाडा, आखूड सेल यवतमाळात कुठंच मिळेना, तो नागपूरहून मागवला. सेल आत बसला आणि नाक बाहेर आलं, तेव्हा स्वयंपाकघरात ती एकटीच हसत उभी होती.

मग तिची नजरच बदलली. रोजच्या प्रवाशांना ती विचारू लागली, "तुमच्या घरी जुना कॅमेरा पडून आहे काय जी? नाकवाला?" कोणाच्या दिवाणात होता, कोणाच्या पोरानं खेळायला घेतला होता. लोक पिशवीत घालून आणू लागले. हौशी मंडळींच्या एका मोबाइल गटात ती शिरली, तर तिथले जाणकार तिला हसले. त्यांच्या मते खरा कॅमेरा तो, ज्याचं भिंग हलत नाही. झूमवाले म्हणजे प्लास्टिकचे डबे. ममतानं उत्तर लिहिलं, "माह्या डब्याले दूरचं माणूस जवळ आणता येते. तुमच्याले येते काय?"

नेरहून महिन्यातून एकदा एक म्हातारे गृहस्थ तिच्या गाडीनं यवतमाळला जात. इस्त्रीचा सदरा, काळा चष्मा, सोबत बायको. पंच्याहत्तरी उलटलेली असल्यानं त्यांना भाडं नाही, तरी शून्य रुपयाचं तिकीट ते हक्कानं मागून घेत. बायकोचं अर्धं तिकीट असायचं. श्रीकृष्णराव पांढरीपांडे त्यांचं नाव. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. बायको रत्नप्रभाबाई. डोळ्यात इंजेक्शन घ्यायला ते जात.

एकदा गाडी सुटायला वेळ होता. नुकताच मिळालेला एक कॅमेरा ममतानं पिशवीतून काढला आणि बटन दाबून पाहिलं. पुढच्या बाकावरून श्रीकृष्णराव म्हणाले, "एकशे चाळीस झूमवाला आहे ना हा?"

ममता चपापली. "तुमाले कसं समजलं जी काका?"

"आवाजावरून. मधे एकदा अडखळल्यासारखा होतो आणि मग पुढं जातो. माझ्याकडे आहे तसा. मंदारनं, आमच्या मुलानं, सिंगापूरहून आणला होता."

"चालते काय?"

"चालत असेल. मीच चालत नाही आता." ते हसले, पण रत्नप्रभाबाई हसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांनी तिला घरी बोलावलं. ममता आणि सुनील मोटरसायकलवर गेले. रत्नप्रभाबाईंनी पोहे केले. कॅमेरा मऊ फडक्यात गुंडाळलेला होता; एक ओरखडा नाही. भिंतीवर फोटोच फोटो: मोजणीची साखळी ओढणारे मजूर, बैलबाजार, विहिरीवर पाय सोडून बसलेल्या तरुण रत्नप्रभाबाई.

"हे सारे तुमीच काढले?" सुनीलनं विचारलं.

"त्या वेळी दुसरं काम नव्हतं यांना," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सुट्टी लागली की निघाले. आता दिवसभर रेडिओ ऐकत बसतात. फिरायला चला म्हटलं तर म्हणतात, कशाला?"

"खरंच कशाला?" श्रीकृष्णराव म्हणाले. "मधोमध डाग आहे नजरेत. कडेचं दिसतं. पण जिकडे बघावं तिथंच काही नाही. तुझ्याशी बोलतोय ममता, तुझे कान दिसतात, पदर दिसतो. तोंडाच्या जागी धुरकट गोळा. रत्नाचंही तसंच. वर्ष होऊन गेलं." मग त्यांनी कॅमेरा फडक्यासकट तिच्या हातात दिला. "घेऊन जा. तुझ्या कपाटात शोभेल."

असा बिनओरखड्याचा कॅमेरा तिला कितीतरी दिवसांपासून हवा होता. घरी येईपर्यंत तिनं तो मांडीवरून खाली ठेवला नाही. कपाटात सगळ्यांच्या मधे जागा केली, ठेवला. दोन दिवस बघत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी काढून घेतला.

"काहून काढला?" सुनीलनं विचारलं.

"बसत नाही तो तिथं."

"जागा तं आहे की."

"जागा आहे. पण बसत नाही," ममता म्हणाली. तिला त्याहून नीट सांगता येईना.

फ्रिजमध्ये, मिरच्यांच्या डब्यामागे, तिचे रोल असत. त्यातला एक तिनं भरला. पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी पांढरीपांडे दांपत्य गाडीत चढलं, तसा तिनं कॅमेरा श्रीकृष्णरावांच्या हातात ठेवला. "गाडी सुटाले टाइम आहे. काढा फोटो."

"थट्टा करतेस का, ममता?"

"नाई जी. तुमाले कायले पाहा लागते? अंतर थो मोजते, उजेड थो पाह्यते. तुमाले फक्त बटन दाबा लागते."

"आणि नेम?"

"नेम धरा जसा जमन तसा. बिघडला तं बिघडला. रोल माहा आहे."

त्यांनी कॅमेऱ्यावरून अंगठा फिरवून बटन शोधलं. मग चष्मा कपाळावर चढवला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि मान थोडी तिरकी केली. एक गवळी मोकळे कॅन घेऊन चढत होता. 'ज्झूं', आणि खट्. रत्नप्रभाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवीतला रुमाल शोधू लागल्या.

यवतमाळला रोल धुणारी मशीन कधीच बंद झाली. रोल संपला तसा ममतानं तो नागपूरला कुरिअर केला. फोटो आले ते बघून तिचा चेहरा उतरला. गवळी धूसर, त्याच्या मागचं कडुनिंबाचं झाड मात्र पान न् पान स्पष्ट. रत्नप्रभाबाई धूसर, मागची खिडकी स्पष्ट. एकूण एक फोटो तसा. माणूस कडेला आणि पुसलेला.

ती फोटो लपवणार होती. पण श्रीकृष्णरावांनी थेट तांड्यावर फोन केला. "आले का?"

"आले जी. पण माणसं साफ नाई आली."

"आणि मागचं?"

"मागचं लय साफ."

मग त्यांनी विचारलं, "ममता, हा कॅमेरा अंतर कुठलं मोजतो?"

"मधातलं. मधात चौकोन असते ना, त्यात जे आहे त्याचं."

"बरोबर. आणि मी काय करतो? मला मधलं दिसत नाही, म्हणून माणसाला कडेला घेतो. मला दिसावा म्हणून. कॅमेरा बिचारा मधलं झाड मोजतो." आता त्यांच्या आवाजात एकदम जीव आला होता. "म्हणजे उलटं करायला पाहिजे. माणूस मला दिसतो तोवर बटन दाबायचंच नाही. सरकवत सरकवत त्याला डागात न्यायचं. दिसेनासा झाला, की दाबायचं!"

"अन् समजन कसं, बरोबर गेला म्हणून?"

"टोपी वर उरते. पाय खाली उरतात. मधलं गायब झालं की समजायचं, चौकोनात बसला."

ममतानं दुसरा रोल भरला. या वेळी श्रीकृष्णराव इंजेक्शनची वाट बघत बसले नाहीत. दर गुरुवारी सकाळच्या गाडीला नवरा-बायको हजर. चालक खिडकीतून ओरडायचा, "सर, माहाही एक काढजा!" नाही म्हणणारेही होते. एक बाई फणकारली, "कायले काढता हो म्हातारपनी फोटो?" तेव्हा श्रीकृष्णरावांनी कॅमेरा खाली केला आणि हात जोडले. ममतानं नियम ठरवला: आधी विचारायचं, आणि चालत्या गाडीत कॅमेरा काढायचा नाही.

दुसरा रोल आला त्या दिवशी ममता ड्यूटी संपवून गणवेशावरच त्यांच्या घरी गेली. फोटो तिनं मुद्दाम वहीएवढे मोठे करून मागवले होते. श्रीकृष्णरावांनी टेबलावरचा दिवा जवळ ओढला. पहिला फोटो हातात घेतला, डोळ्यांच्या एका बाजूला धरला, जवळ आणला, सावकाश फिरवला. रत्नप्रभाबाई होत्या त्यात, गाडीच्या दाराच्या दांडीला धरून उभ्या.

त्यांनी फोटो पुन्हा दिव्याखाली धरला. मग म्हणाले, "रत्ना, चष्मा बदललास तू?"

"आठ महिने झाले."

"सांगितलं नाहीस."

"तुम्हाला काय दिसणार होता?"

"टिकली पण लहान लावतेस आता." ते फोटोवरून कडेच्या नजरेनं फिरत होते, एखादं शेत मोजावं तसे. "बारीक झालीस गं." रत्नप्रभाबाई चहा ठेवते म्हणून आत गेल्या आणि चहा यायला फार वेळ लागला. ममता भिंतीवरच्या विहिरीच्या फोटोकडे बघत बसली.

होळीला ममतानं त्यांना तांड्यावर नेलं. तिची सासू सुखीबाई तांड्यातल्या मोजक्या बायांपैकी, ज्या अजून फेटिया-कांचळी, म्हणजे बंजारा घागरा-चोळी, घालतात. आरशांचे ते कपडे आणि हातभर बलोये, पांढऱ्या रुंद बांगड्या. तिचा एकही नीट फोटो नव्हता. मोबाइल पुढं केला की ती पदर ओढायची. ममतानं किती वेळा म्हटलं, "याडी, एक काढू दे", तर उत्तर एकच: कोणी तोंडासमोर काही धरलं की तोंड आपलं राहत नाही.

श्रीकृष्णरावांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "मग तोंडासमोर कशाला जायचं? नाक आहे ना याला." सुनीलनं त्यांना चिंचेखाली खुर्ची दिली. मैदानात बाया गोल धरून लेंगी, होळीची गाणी, म्हणत होत्या. गाण्यात सुखीबाई सगळ्यांच्या पुढं. श्रीकृष्णरावांनी नाक पूर्ण बाहेर काढलं. पण इतक्या लांबून, इतक्या रंगांत, सुखीबाई नेमकी कोणती ते त्यांना कळेना. ममता त्यांच्या मागं उकिडवी बसली आणि कानाशी सांगू लागली, "उजवीकडं... आनखी थोडं... आता फिरून इकडं येऊन राह्यली..."

"आरसे चमकले. दिसली. आता नको बोलू."

ते कॅमेरा केसाएवढा सरकवत होते. मग पुटपुटले, "गेली डागात," आणि बटन दाबलं.

तो फोटो नागपूरहून आला तेव्हा सुखीबाईनं तो स्वतःच्या हातात घेतला. गाणं म्हणताना तोंड उघडं, एक हात वर, कपाळावर घाम. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. "हे म्हातारं आंधळं आहे म्हनते ना तू?" तिनं सुनेला विचारलं.

"हाव."

"मंग तुमी डोळेवाले काय करून राह्यले होते इतके दिवस?" फोटो तिनं ट्रंकेत ठेवला, आणि तांड्यात कोणी आलं की काढून दाखवू लागली.

डोळा काही बरा झाला नाही. उजवा पार गेला. डावा इंजेक्शनांवर तग धरून आहे, आणि डॉक्टर म्हणतात, सध्या तरी तिथंच थांबलाय. श्रीकृष्णराव मात्र थांबले नाहीत. ममतानं कॅमेरा परत मागितला नाही, त्यांनीही परत करायची भाषा काढली नाही. उलट तिच्या कपाटातले आणखी दोन कॅमेरे आळीपाळीनं नेरच्या त्या घरी राहून येतात. चालते राहायला हवेत म्हणून. रत्नप्रभाबाईंनी त्यातला एक आपल्यासाठी धरून ठेवलाय आणि आता श्रीकृष्णरावांचेच फोटो काढतात, बहुधा ते झोपलेले असताना.

आगारप्रमुखांनी गेल्या उन्हाळ्यात प्रतीक्षालयात एक फळी लावू दिली. तिच्यावर गुरुवारच्या गाडीतली माणसं टाचलेली असतात: गवळी, कॉलेजच्या पोरी, कापसाचं गाठोडं सांभाळणारी आजी, चालक. अडचण एकच झाली. ज्याचा फोटो तो ओळखतो आणि टाचणी काढून घरी घेऊन जातो. अर्धी फळी सदा रिकामी.

रत्नप्रभाबाई चिडल्या. "सूचना लावा ममता, फोटो नेऊ नयेत म्हणून."

"लावू काय जी काका?" ममतानं विचारलं.

श्रीकृष्णरावांनी मान तिरकी करून फळीकडे पाहिलं. तिथं काय उरलंय ते त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. "नेऊ दे," ते म्हणाले. "घरी कोणी बघत असेल. तू रोल भरलास का?"

"भरला."

"मग चल, गाडी लागली."