दोनदा लिहिलेली हजेरी

माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्या एका कारणाने आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं काम माझ्या वाट्याला आलं. आलं म्हणजे, मी ते केलं.

देश स्वतंत्र होऊन वर्षही झालं नव्हतं. निजामाची हद्द आमच्या जिल्ह्याला लागून. घोडेगावच्या बाजारात जनावरं घेऊन येणारे लोक पलीकडच्या रझाकारांच्या गोष्टी सांगत, आणि ऐकून अंगावर काटा येई. म्हणून आमच्या गावात रक्षक दल निघालं. आपापला धंदा सांभाळून शिपाईगिरी करायची. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी कवायत, वर्षातून एकदा नगरला पंधरा दिवसांचं शिबिर, आणि बोलावणं आलं की हातातलं काम टाकून निघायचं. मी शाळेत मास्तर होतो, सव्वीस वर्षांचा. मनापासून नाव घातलं.

दलाचे प्रमुख गावातले एक वकील. कवायत शिकवायला पलटणीतून निवृत्त झालेला एक हवालदार नगरहून येई. हजेरीची वही माझ्याकडे.

वहीत चाळीस नावं होती आणि मैदानात वीस-बावीस माणसं. बाकीचे वकिलांच्या बैठकीतले. त्यांचे दोन मेहुणे, आडतवाल्यांची मुलं, कुणाचा कुणी पुतण्या. पहिल्या महिन्यात मी त्यांच्यापुढे सरळ 'गैरहजर' लिहिलं. वकिलांनी वही चाळली आणि हसले.

"मास्तर, ही कामाची माणसं आहेत. मनाने हजर असतात. तसं लिहा."

मी तसं लिहिलं. पहिल्यांदा हात अडखळला. तिसऱ्या आठवड्यात अडखळेनासा झाला.

देवळाली प्रवरेच्या बाजूचा एक शेतकरी दर कवायतीला चालत यायचा, रविवारी तर पहाटेच घर सोडून. पस्तिशीचा, काटक, अनवाणी. बूट शिबिरातच मिळणार होते. सुरुवातीला 'दाहिने' म्हटलं की हा डावीकडे वळे आणि शेजारच्याच्या तोंडाला तोंड लागे. सगळे हसत, तोही हसे. पण दोन महिन्यांत हवालदार त्यालाच पुढे उभा करून इतरांना दाखवू लागला. त्याच्या विहिरीची कड ढासळली तेव्हा मात्र त्याच्या तीन कवायती चुकल्या. तसं तो मला आधी सांगून गेला होता.

"गैरहजर लिहा," वकील म्हणाले. "शिस्त म्हणजे शिस्त."

शिबिराची यादी लागली त्या रविवारी तो माझ्याकडे आला. "गुरुजी, माजं नाव न्हाई?"

"तीन कवायती चुकल्या तुमच्या."

"म्या सांगून गेल्तो की."

"हो."

"मंग?"

मी वही बगलेत धरून शाळेत निघून गेलो.

शिबिराला पंधराजण गेलो. त्यातल्या अकराजणांनी आमचं मैदान पाहिलेलं नव्हतं. त्यांना तिथे बूट मिळाले, गरम कोट मिळाले. सकाळच्या दौडीला यांची पोटं दुखत, जेवणाच्या घंटेला बरी होत. आमचा हवालदार मला म्हणाला, "मास्तर, ही फौज तुम्ही शाईने उभी केलीत." परत आल्यावर त्यातला एकजण तो कोट घालून भर उन्हात दुकानात बसायचा. मी त्या बाजूने जाणं सोडलं.

पावसाळ्यात हुकूम आला. हजेरी पुरी भरलेले आणि शिबिर केलेले बारा लोक नेवाशाच्या पुढे, गोदावरीच्या काठी, हद्दीवर पाठवा.

वकिलांनी मला दुपारी घरी बोलावलं. पुढ्यात नवी कोरी वही होती.

"जुनी वही पावसात भिजली असं समजा," ते पान जुळवत म्हणाले. "आता नीट आठवून लिहा. आमचे मेहुणे बहुतेक गैरहजरच असायचे, नाही का? आणि त्या आडतवाल्यांचं पोर?"

"पण शिबिर?"

"शिबिरातून आजारी म्हणून परत आले. आणि तो देवळालीकडचा शेतकरी. फार नियमित माणूस. एक दिवस चुकला नाही तो. तो आणि त्याच्यासारखे बाकीचे शिबिरालाही होतेच."

एवढं बोलून त्यांनी आतून चहा मागवला. मी तो प्यालो. मला उठून जाता आलं असतं. त्यांनी मला काही बांधून ठेवलं नव्हतं. पण मी मांडी घालून, टाक बुडवून, संध्याकाळपर्यंत ती सगळी वही माझ्या चांगल्या अक्षरात लिहून काढली. बाराजणांच्या यादीत माझं नाव मात्र मी स्वतः घातलं.

"तुम्ही कशाला? शाळा आहे तुमची."

"माझी हजेरी खरी आहे," मी म्हणालो.

वकिलांना त्याचं फार हसू आलं.

त्या शेतकऱ्याला निरोप गेला तेव्हा तो खूश झाला. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. लॉरीत माझ्याशेजारी बसत म्हणाला, "अखेर निघालं म्हनायचं नाव." बाजरी निसवून कणसात आली होती, पाखरं राखायला घरात दुसरा पुरुष नव्हता. त्याची बायको तान्हं मूल घेऊन आली होती. "कदी येनार?" तिने मला विचारलं, कारण मी मास्तर. मला माहीत नव्हतं.

हद्दीवर एक ताडपत्री, लाठ्या आणि तीन बंदुका. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला अडवायचं, विचारायचं, सोडायचं. चिखल, डास आणि बाभळीचं रान. नवव्या की दहाव्या दिवशी शेतकऱ्याच्या पायात काटा मोडला. माझे बूट त्याला देऊ केले, पण ते त्याच्या पंजात शिरेनात. नदीला पूर, रस्ता बंद. पाय पोटरीपर्यंत सुजला, वास येऊ लागला. मी रोज कढत पाण्याने धुवायचो आणि तो म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या गुरुजी, लई करताय माज्यासाटी." गाडी मिळून नगरला पोचेपर्यंत उशीर झाला. दोन बोटं कापावी लागली. तेवढ्यात आपली फौज निजामाच्या मुलखात शिरली आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं.

मग शाळेच्या मोठ्या वर्गात सत्कार झाला. नगरहून एक मोठे साहेब आले. हद्दीवर गेलेल्यांना प्रशस्तिपत्रकं मिळणार होती. नावं वाचली जाऊ लागली आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. भिजलेली जुनी वही वाळून पुन्हा बाहेर आली होती! मेहुणे उठले, पुतण्या उठला, तो कोटवाला उठला. शेतकरी मागे भिंतीशी, पायाला फडकं गुंडाळून बसला होता. तीन गैरहजेऱ्यांमुळे त्याचं नाव बसलं नाही.

माझं नाव पुकारल्यावर मी उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "ही माणसं हद्दीवर नव्हती. त्यांची हजेरी खोटी आहे. दोन्ही वह्या मीच लिहिल्यात."

साहेबांनी वकिलांकडे पाहिलं.

"मास्तरांना तिकडे हिवताप झाला होता," वकील मायेने म्हणाले. "अजून पुरता उतरलेला दिसत नाही."

सभा हसली. साहेबही हसले. पुढचं नाव वाचलं गेलं.

मी बाहेर आलो. मागून काठीचा आवाज आला. "कशापायी बोल्लात गुरुजी? त्या कागदाचं काय करायचं हुतं मला?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. शिबिराची यादी, नवी वही, चहा. तो ऐकत राहिला.

"म्हंजी म्या जावं म्हून तुमी लिवलं?"

"हो."

"आन् त्याआदी शिबिराला म्या जाऊ न्हाई म्हून बी तुमीच?"

"हो."

तो काठी टेकत रस्त्याला लागला.

माझी बदली पाथर्डीकडच्या एका कोरड्या खेड्यात झाली. दलाचा राजीनामा मी दिला होताच. जाण्यापूर्वी मी त्याच्या वस्तीवर गेलो. बायकोने पाणी दिलं आणि तो बाजरी कापतोय म्हणून बोट दाखवलं. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. त्याने वर पाहिलं, मला ओळखलं, आणि माझ्याकडे पाठ करून तो पुढची ओळ कापू लागला. वाकताना त्याचा तो पाय बाजूला पडत होता. मी बराच वेळ थांबलो. मग मोटार चुकेल म्हणून निघालो.